माझ्या केसपेपरवर मावशीचं दुखणं

३ फेब्रुवारी, सोमवार

आज संडासला परत रक्त आलं. दुखलं काहीच नाही. सगळं झाल्यावर वरून चार-पाच थेंब, लालभडक. फरशीवर पडलेलं पाणी ओतून धुतलं. बाहेर तिघं डबा घेऊन उभे, दार वाजवतायत. इथून पुढं नुसतं र. लिहिणार. संत्या वही उघडतो.

दिवसभर बेल्ट लावला. जीन्सचा बेल्ट म्हणजे कंबरपट्टी, तेवढंच माझं काम. स्टूल लाकडाचं. त्यावर चिंध्यांची गादी आहे, ती पण दगड झाली. संध्याकाळी उठलो तर खाली जळजळ आणि खाज. लोकांसमोर खाजवता पण येत नाही.

पाणी पीत नाही. पाणी पिलं की उठावं लागतं, उठलं की पीस कमी. सगळे कारागीर असंच करतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार

र. आलं. जास्त.

संत्याला सांगावं लागलं. संत्या माझा रूम पार्टनर, आमच्याच तालुक्यातला, याच कारखान्यात प्रेस मारतो. त्याचं म्हणणं ही उष्णता आहे. मशीनची मोटार गरम होते, ती गरमी स्टुलातनं वर चढते. मी म्हणालो मोटार बाजूला असते. तो म्हणाला, "गरमीला काय पत्ता लागतो का?" सब्जा भिजवून दिला. फुटपाथवरनं तांब्याची अंगठी पण आणली, मूळव्याधीची म्हणून. मधल्या बोटात घालायची.

अंगठी मशीनच्या प्लेटवर खडखड वाजते. सेठनं बघितलं. "शादी बनाया क्या?" सगळे हसले. मी पण हसलो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी. अंबरनाथला गेलो. स्टेशनजवळ एक बोर्ड आहे, मूळव्याध भगंदर बिना चिरफाड. आत खुर्चीवर एक माणूस. त्यानं नाडी बघितली. बाकी काही बघितलं नाही. "बवासीर है, सात दिन में सूख जाएगा." तीन पुड्या आणि एक मलम.

मलम लावलं आणि अर्धा तास रूममध्ये भिंतीला धरून उभा. मिरची चोळल्यासारखं. संत्या म्हणाला जळतंय म्हणजे काम करतंय. तूच लाव म्हणालो.

इथं उल्हासनगरला येऊन दीड वर्ष झालं. पुण्यात आठ महिने, वापीला पाच, सुरतेला चार. कुठंच बूड टिकत नाही असं आई म्हणायची. आता खरंच टिकना.

१० फेब्रुवारी, सोमवार

एका कुशीवर बसून मशीन मारतो. मध्येच उभा राहतो, गठ्ठा उचलायचं निमित्त करून.

मावशीनं ओळखलं. मावशी म्हणजे आमच्याकडं धागा कटिंग करते ती. खाली पोतं टाकून बसते, तयार जीन्सचे लोंबते धागे कापते. बदलापूरहून येते. पन्नाशीची असेल. सगळ्यांना बोलते, मला जास्त. टाकीवर पाणी भरताना जवळ आली आणि हळूच म्हणाली, "कोंब आलाय ना तुला?"

कोंब म्हणजे मूळव्याधच. कान गरम झाले.

"लाजतो काय. बायांना बाळंतपणात येतो. तुम्हाला स्टुलावर बसून येतो. पाणी पी आधी बाटलीभर."

एका बाईनं असं तोंडावर विचारलं. आईनं पण विचारलं नसतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मावशीनं डब्यातनं सूरण आणलं, चिंच घालून केलेलं. मलम फेकून द्यायला लावलं. मैदा बंद, पाव बंद, भाकरी खा, काकडी खा. आत मोबाईल घेऊन बसू नको. हे तिला कसं कळलं माहीत नाही. मी तिथं अर्धा अर्धा तास व्हिडिओ बघतो. तेवढीच एक जागा आहे जिथं एकटं असता येतं.

मला म्हणाली सरकारी दवाखान्यात जा. मी विचारलं तुम्ही गेला होता का. म्हणाली, "तिथं बाप्ये असतात रं. मी कुणाला दाखवू."

म्हणजे तिला पण आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उद्या खाडा टाकून दवाखान्यात जायचं ठरलं. मावशीनं एक काम दिलं. तिचं पण डॉक्टरला विचारायचं. पण तिचं म्हणून नाही, माझंच आहे असं सांगायचं. औषध लिहून देतील ते दोघात वापरू.

मी हो म्हणालो. त्यात अवघड काय आहे असं वाटलं.

तिनं टाकीमागं उभं राहून सांगितलं ते तसंच लिहितो, उद्या विसरायला नको. कोंब तिला विजूच्या वेळेपासून आहे, विजू म्हणजे तिचा पोरगा. तो कळतो, बाहेर येतो, बोटानं आत जातो. त्याचं काही नाही. पण दिवाळीपासनं वेगळंच चालू आहे. रक्त माझ्यासारखं वरून पडत नाही. आतच मिसळून येतं, काळपट, चिकट. जाऊन आलं तरी वाटतं अजून राहिलंय, दिवसातनं पाच वेळा जाते. कधी कडक, कधी नुसतं पाणी. जेवण जात नाही. ब्लाउज ढिले झाले, सगळ्यांना टाचण्या मारल्यात. स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबते.

कुणालाच सांगितलेलं नाही. मला शपथ घातली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लाईन, केसपेपर, परत लाईन. पडदा बाजूला केला तर डॉक्टर बाई. माझ्या ताईच्या वयाची. मी तसाच मागं फिरलो. दारातल्या शिपायानं दंडाला धरून परत आत ढकललं. "लय मोठा आलाय लाजणारा. पाठीमागं सत्तर पेशंट आहेत."

डॉ.बाई मान वर न करता म्हणाल्या, "बायका रोज इथं पुरुष डॉक्टरसमोर झोपतात. तू एकदा झोप."

कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी. बोटानं तपासलं, मग एक छोटी नळी. दोन मिनिटं. भिंतीवरचा पल्स पोलिओचा कागद सगळा वाचला.

कोंब आहेत, दोन, सुरुवातीचे. ऑपरेशन नाही. पाणी, भाजी, जोर करायचा नाही, कोमट पाण्याच्या टबात बसायचं, इसबगोल. लालभडक थेंब, दुखत नाही, ते सगळं यातच बसतं म्हणाल्या. जीव हलका झाला.

मग मावशीचं सांगितलं. माझं म्हणून.

त्यांनी पेन थांबवला. परत विचारलं, कधीपासून? दिवाळीपासून. वजन किती कमी झालं? मी म्हणालो ब्ल... शर्ट ढिले झाले. घरात कुणाला आतड्याचा आजार? माहीत नाही. मग माझ्या शर्टाकडं बघितलं. रक्त तपासायला दिलं. आणि एक चिठ्ठी, मोठ्या दवाखान्याची. तिथं लांब नळी घालून आतडं बघतात. पुढच्या महिन्यातली तारीख घ्यायला सांगितली. म्हणाल्या, घाबरू नको पण टाळू नको.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. ते माझ्यासाठी नव्हतंच. तरी चिठ्ठी दोनदा वाचली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरनं काय सांगितलं ते मावशीला सांगितलं. तिनं एकच विचारलं, "औषध दिलं ना?" इसबगोलचा डबा अर्धा करून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिला.

लांब नळीचं पण सांगितलं. तिनं थोडा विचार केला. "मग घे तू करून ती नळी. काय निघंल ते मला सांग."

मी हसलो नाही. ती चेष्टा करत नव्हती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संत्यानं वही वाचली. र. म्हणजे काय ते त्याला पहिल्याच पानावर मिळालं. मीच लिहून ठेवलंय. शहाणा मी.

आधी भांडलो. मग त्यानं विचारलं, "नळी तुझ्यात जाणार आणि निघणार तिचं? टीव्ही हितला, केबल शेजारची?" इतकं हसलो दोघं की शेजारच्यानं भिंत वाजवली. नंतर तो म्हणाला, "तिला पाठव तू." पाठव म्हणे. पाठवायला ती पार्सल आहे का.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. अंबरनाथला जत्रा. सेठनं अर्धा दिवस सोडलं. तीन तास लाईनमध्ये, नदीच्या बाजूनं. उपवास, म्हणून नुसता साबुदाणा आणि बटाटा. पाप नको म्हणून खाल्लं, आता उद्या भोगणार.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

भोगलं. र. आलं. आठ दिवसांनी पहिल्यांदा. पण आता कळतं कशानं येतं आणि कशानं थांबतं. आधी वाटायचं रक्त म्हणजे मेलोच. तालुक्याला दहावीला बसलो असतो तर असा एखादा धडा असता का? मी सातवीतच सुटलो.

मावशी म्हणते इसबगोलनं तिला बरं वाटतंय. पाचच्या जागी तीनदा जाते. बरं वाटतंय म्हणते आणि तोंड बघितलं तर धुऊन धुऊन विटलेल्या जीन्ससारखं. दुपारी धागे कापता कापता पोत्यावरच डोकं टेकून झोपली. सेठ येताना दिसला म्हणून मी कात्री खाली पाडली.

४ मार्च, मंगळवार

दवाखाना. रिपोर्ट आला. डॉ.बाईंनी कागद दोनदा बघितला. मला काट्यावर उभं केलं. मागच्या वेळेपेक्षा एक किलो जास्त.

"रक्त तेराच्या वर आहे. वजन वाढतंय. आणि मला सांगतोस शर्ट ढिले झाले."

त्यांनी पेन खाली ठेवला.

"कुणाचं आहे हे?"

शपथ होती. तरी सांगितलं. नाव नाही सांगितलं, कारखान्यात एक मावशी आहेत एवढंच.

रागावल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. माझी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मागून घेतली आणि फाडली. म्हणाल्या, "दोन आठवडे गेले. तुझे नाही गेले, त्यांचे गेले. आधी कोंब होता म्हणून आताचं रक्त पण कोंबाचंच, असं धरून चालायचं नाही. काही नसेलही. पण ते त्यांना तपासल्यावर कळेल, तुला तपासून नाही." मंगळवारी त्या स्वतः असतात. सकाळी केसपेपर काढून मावशीला थेट त्यांच्याकडं आणायचं, लाईन लावायची गरज नाही.

मला काय झालंय ते मला आता पक्कं कळलं. त्याचं काही वाटलं नाही.

५ मार्च, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत टाकीमागं सांगितलं. मी शपथ मोडली ते पण.

"बाई हाय डॉक्टर?"

बाई आहे म्हणालो. चांगली आहे.

"तरी पण," म्हणाली. मग भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवला आणि डबा बंद केला. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. जाताना रोज "येते रं" म्हणते. आज नाही म्हणाली.

८ मार्च, शनिवार

मावशी गुरुवारपासून नाही. फोन उचलत नाही.

११ मार्च, मंगळवार

आज मंगळवार होता. मावशी नाही. डॉ.बाई बसल्या असतील.

सेठ नवीन कटिंगवाली बघतोय. त्या पोत्यावर आज गठ्ठे ठेवले. मी उचलून बाजूला लावले. कोणीतरी परत ठेवले.

मी बोललोच नसतो तर ती कामावर आली असती. पण मग कामावर येत येतच... पुढचं लिहवत नाही.

माझं बरं आहे. र. नाही, जळजळ नाही. तेच आता खायला उठतं.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड, सुट्टी. बदलापूरला गेलो. पत्ता नव्हता. एवढंच माहीत की मांजर्लीला राहते, नदीजवळ, आणि एका पावसाळ्यात खिडकीपर्यंत पाणी आलं होतं. दोन तास फिरलो. पोरांनी रंग टाकला, शर्ट गेला. शेवटी एका किराणावाल्याला विचारलं, उल्हासनगरला जीन्सच्या कामाला जातात त्या मावशी. तो म्हणाला, विजूची आई ना, तिसरी गल्ली.

सून दारात. आठवा महिना चालू. विजू आतनं आला, माझं हिरवं तोंड बघून म्हणाला, काय काम? मी म्हणालो सेठनं विचारलंय, येणार आहेत का नाही. त्यानं पाणी दिलं. भला माणूस आहे. त्याला तिथंच सांगून टाकावं असं दोनदा तोंडाशी आलं. मावशी आतल्या दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. पोटात गेलं परत.

ती मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. हळू चालत. आठ दिवसांत अजून उतरलीय.

"माझ्या आईला असंच झालं होतं," ती म्हणाली. "मूळव्याध, मूळव्याध करत तीन वर्षं घालवली. शेवटाला उचलताना वजन लागत नव्हतं. मला माहीत हाय रं काय निघायचं ते. निघालं की घरात तेच सुरू होईल. पोरीची वेळ जवळ आलीय. तिचं होऊ दे."

मी म्हणालो, "आणि नाही निघालं तर?"

ती थांबली. खरंच थांबली, एका माणसाची स्कूटर मागं अडकली. तिच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

"तसं पण असतं?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या काही नसेलही. तपासल्याशिवाय त्यांना पण माहीत नाही. तुम्हाला कसं माहीत?"

डॉ.बाई दोन आठवडे गेले म्हणाल्या ते मी सांगितलं नाही. हे खोटं आहे का माहीत नाही. असलं तर असू दे.

ती पदर बोटाला गुंडाळत होती. मंगळवारी साडेनऊला दवाखान्याच्या गेटवर, मी असणार, असं तीनदा सांगितलं.

"बघते."

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते. जा आता, रंग धू."

१६ मार्च, रविवार

दाजीचा फोन. हैदराबादला गोडाऊनमध्ये जागा आहे, उभ्याचं काम, लगेच ये. दुसरी कुठली वेळ असती तर उद्याच पिशवी भरली असती. मंगळवारनंतर सांगतो म्हणालो. मंगळवारी काय आहे म्हणे. काम आहे म्हणालो.

संत्या विचारतो, "तुझी कोण लागते रे ती?" काही लागत नाही.

१८ मार्च, मंगळवार

नऊ वाजल्यापासून गेटवर. साडेनऊ झाले, दहा झाले. फोन वाजतो, उचलत नाही. एकदा कट केला. कट केला म्हणजे हातात आहे. गाडीत असेल. किंवा चुलीपाशी.

सव्वादहाला वाटलं निदान केसपेपर तरी काढून ठेवू. लाईनीत उभा राहिलो. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, पेशंटचं नाव?

मावशी.

"मावशी कुणाची पण असते. नाव, आडनाव?"

मला माहीत नाही. दीड वर्ष रोज बघतो. ती दिवसातनं किती वेळा जाते, रक्त कुठल्या रंगाचं येतं, कुठल्या ब्लाउजला टाचणी आहे, सगळं माहीत. नाव माहीत नाही. विजूची आई म्हणालो. मागचे लोक हसले. बाई म्हणाली पेशंट आला की या, बाजूला व्हा.

बाजूला झालो नाही. लाईन सोडली तर परत शेवटी जावं लागेल, आणि खिडकी साडेअकराला बंद होते. म्हणून खिडकीपाशीच उभा आहे आणि मागच्याला पुढं सोडतो. या म्हणतो, तुम्ही घ्या आधी. खिडकीवरची बाई आता माझ्याकडं बघत पण नाही.

इथून गेट दिसतं. वही भिंतीला टेकवून लिहितोय. दोन रिक्षा आल्या, एकीतनं म्हातारा उतरला, एकीतनं पाय बांधलेला पोरगा.

अकरा वाजून दहा. आत्तापर्यंत चौदा जणांना पुढं सोडलं.